होमाचा धूर आणि ॲमेझॉनचा पाऊस

अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून, अशी साखळी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितली आहे. एकादशीला मी आमच्या विठ्ठलमंदिरात ज्ञानेश्वरी वाचते. वाचन इथवर आलं की कोणीतरी विचारतंच, "ताई, तुम्ही रसायनशास्त्र शिकवलंत. होमाच्या धुरानं ढग होतात, हे खरं ना?" प्रश्न भाबडा नाही. वाफेचा थेंब व्हायला आधी एखादा सूक्ष्म कण लागतो, आणि धुरात असे कण असतातच.

उत्तरासाठी मी ॲमेझॉनकडे बोट दाखवते. ब्राझीलमधल्या मनाउस शहराच्या उत्तरेला, 2008 च्या पावसाळ्यात, शास्त्रज्ञांनी जंगलावरची हवा तपासली. एका घनसेंटिमीटरमध्ये कण जेमतेम काही शे. आपल्या शहरांत ते हजारांनी असतात. मायक्रोमीटरहून लहान कणांच्या वजनात 80 टक्क्यांहून अधिक वाटा सेंद्रिय द्रव्याचा निघाला. हे द्रव्य मुख्यतः झाडांच्या पानांतून निघालेल्या वायूंपासून बनतं. पाच कार्बन आणि आठ हायड्रोजनचा आयसोप्रीन हा त्यातला प्रमुख. उन्हात तयार होणारे हायड्रॉक्सिल त्याच्यावर तुटून पडतात, त्याला ऑक्सिजन चिकटत जातो, आणि हवेत सहज उडणारा रेणू जड, पाणी धरणारा होतो. आयसोप्रीनपासून कण बनत नाहीत अशीच समजूत बरीच वर्षं होती. 2004 मध्ये ॲमेझॉनच्या हवेतल्या कणांत आयसोप्रीनपासून बनलेले मिथिल टेट्रॉल सापडले आणि ती समजूत गेली. मला याहून सुंदर शोध वाटतो 2012 चा: या सेंद्रिय द्रव्याच्या थरांच्या आत पोटॅशियमच्या क्षारांचे इवलेसे कण आढळले. ते बुरशी आणि झाडांकडून आलेले असावेत, असं संशोधकांनी मांडलं. म्हणजे थर ज्यावर चढतो तो गाभाही जंगलाचाच! याशिवाय बुरशीचे बीजाणू आणि परागकण असतात. संख्येनं थोडे, आकारानं मोठे.

आता पान आयसोप्रीन का सोडतं? आयसोप्रीन बनवणारं पान अचानक आलेली उष्णता अधिक चांगली सोसतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. बुरशी बीजाणू फेकते ते वंशासाठी. पावसासाठी कोणीच काही करत नाही, तरी त्या सगळ्यांच्या वावरण्यातून पावसाचे कण निपजतात. ज्ञानेश्वरांनी यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा लावला आहे. ॲमेझॉनचं रसायन वाचताना तो अर्थ आठवून मी हरखून गेले होते.

पण पुढे विचार केल्यावर वाटलं, जंगल यज्ञ करतं असं म्हणणं बरोबर नाही. पानाला आयसोप्रीन न सोडण्याचा निर्णय घेता येत नाही. गीता सांगितली गेली ती अर्जुनाला, ज्याला धनुष्य खाली ठेवता येत होतं आणि ज्यानं ते ठेवलंही होतं. ज्याला नाकारता येतं त्यालाच अर्पण करता येतं. झाडाला ऋषी ठरवलं की यज्ञ-पावसाचं चक्र फिरवायची जबाबदारी त्याच्यावर ढकलून आपण मोकळे होतो, आणि मला ते मान्य नाही.

कारण त्याच आकाशात माणसाचं कर्मही मोजता येतं. कोरड्या महिन्यांत जंगल जाळलं जातं, तेव्हा कणांची संख्या काही शेवरून हजारांवर जाते. त्यांत लेव्होग्लुकोसान सापडतं. लाकडातलं सेल्युलोज जळाल्याशिवाय ते बनत नाही, त्यामुळे कण कुठून आले ते लपत नाही. तेवढंच पाणी खूप कणांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात, आणि ढगातला पाऊस सुरू व्हायला उशीर होतो. जळत्या ॲमेझॉनवरच्या ढगांत हे विमानातून मोजलं गेलं. तो अभ्यासही 2004 सालीच प्रसिद्ध झाला.

म्हणून विचारणाऱ्याला मी स्पष्ट सांगते: एका होमाच्या धुरानं पाऊस येत नाही आणि अडतही नाही, पण धूर वाढला की पाऊस वाढतो हा समज चुकीचा आहे. यज्ञाचा ज्ञानेश्वरांनी लावलेला अर्थ मात्र मला आजही पटतो. यंदा पर्जन्ययागासाठी वर्गणी काढणार असाल, तर ती गावच्या देवराईची राखण करणाऱ्याच्या पगाराला द्या, आणि समिधांसाठी तिथली फांदी तोडू नका.