कठडा कोणी घालायचा?

तोरातील अनुवादाच्या 22 व्या अध्यायात घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे. नव्या घराच्या धाब्याला त्याने कठडा घालावा. न घातल्यामुळे कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागतो. धाब्यावर वावरणाऱ्याने जपून चालावे, असे या आज्ञेत म्हटलेले नाही. ज्याचे घर, त्याच्यावरच जबाबदारी ठेवलेली आहे.

आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे या देशात आली ती कष्ट करण्यासाठी. दिमोना, बएर शेवा, अश्दोद, लोद येथील कारखान्यांत आपल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्य घालविले. कामगाराचा जीव जपणे हे मालकाचेही कर्तव्य आहे, हे तेव्हा आपल्याला पटवून द्यावे लागत नसे. 1954 च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा समिती आणली व तीत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारखे ठेवले. 1999 च्या नियमांनी मालकाला कामगारांना वर्षातून निदान एकदा धोक्यांविषयी शिक्षण देण्यास, आणि ते त्यांना समजले की नाही हे पाहण्यास सांगितले. नुसता कागद हाती देणे म्हणजे शिकविणे नव्हे!

आता काळ पालटला आहे. त्याच वडीलधाऱ्यांची सेवा करण्यासाठी आपल्या घरी मेतापेलेत येते. कोणी फिलिपाईन्सची, कोणी आपल्याच भारतातली. म्हणजे आपले घर हे कोणाचे तरी कामाचे ठिकाण झाले आहे आणि आपण मालक झालो आहोत. मग कठडा कोणी घालायचा?

आम्ही परिचारिका म्हणून आयुष्य काढलेल्या बायका आहोत. या कामात शरीराचे काय होते ते आम्हाला ठाऊक आहे. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत घेताना पहिली जाते ती कंबर. अमेरिकेत 2007 साली अशी मर्यादा सुचविण्यात आली की रुग्णाला हाताने उचलताना एका व्यक्तीवर 35 पौंड, म्हणजे सुमारे 16 किलोपेक्षा अधिक भार येऊ नये. आपले वडील सत्तर किलोंचे असतात आणि मेतापेलेत एकटी असते. इन्सुलिन दिल्यावर सुईला पुन्हा टोपण लावताना ती बोटात शिरते. म्हणून वापरलेली सुई तशीच जाड डब्यात टाकावी. न्हाणीघरातली ओली फरशी तर दोघांचीही वैरीण.

यावर काही जण म्हणतात, तिला पगार मिळतो, तिने आपले पाहावे. पण तिच्या ‘नाही’ म्हणण्याला फार किंमत पडते. तिची नोकरी, राहण्याची जागा आणि गावाकडच्या मुलांची फी, सारे त्याच एका घरावर अवलंबून असते. ज्याला नाही म्हणणे परवडत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्याने विचार करावा लागतो.

खरी अडचण निराळीच आहे. कित्येकदा आपले वडीलच म्हणतात, “मला यंत्राने उचलू नका, मी काय पोते आहे?” त्यांचा मान राखायचा की तिची कंबर? आमच्या मते येथे निवड करण्याचे कारण नाही. उचलणारी कोसळली की उचललेलाही कोसळतो. यंत्राने मान जात नाही. न सांगता, न विचारता हलविल्याने जातो. वडिलांना हे मुलाने किंवा मुलीने शेजारी बसून सांगावे. ते तिच्यावर सोपवू नये.

आणि विसावा? कोकणात आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. दहा आज्ञांत शब्बाथची विश्रांती चाकराला, गुराढोराला आणि दारातल्या परक्यालाही दिलेली आहे. घाण्याच्या बैलाला जो दिवस मिळत होता, तो आईची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या बाईला मिळू नये काय? त्या दिवशी आईजवळ आळीपाळीने मुलांनी बसावे. आईलाही ते आवडेल.

हे सारे फार खर्चाचे आहे असेही नाही. न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडी बसवावी. खुर्ची, उचलण्याचे यंत्र वगैरे साहित्य ‘यद सारा’ ही 1976 साली सुरू झालेली संस्था उसने देते. कुपत खोलीमच्या फिजिओथेरपिस्टला विनंती करून रुग्णाला कसे वळवावे हे मेतापेलेतला प्रत्यक्ष दाखवून घ्यावे. तिला हिब्रू कळत नसेल आणि हिंदी येत असेल, तर दुभाषी आपल्याच घरात आहे!

या आठवड्यात आपापल्या घरी तिला एवढेच विचारून पाहावे: “बाई, तुझे कुठे दुखते का?”