सिंधूचा निकाल

आजच्या पंचविशीतल्या वाचकाने गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक हातात घेतलं, की सिंधूचा निकाल तो चटकन लावून टाकतो. नवरा दारूत बुडालेला, माहेरी श्रीमंत भाऊ पाठीशी उभा. तरी ही बाई नवऱ्याने घातलेल्या शपथेपायी माहेरची मदत नाकारते, लोकांची दळणं दळते. तान्हं मूल त्याच्या हातून जातं, स्वतः मरायला टेकते, आणि तेव्हाही आपण पडलो असं सांगून त्यालाच वाचवायला बघते. वाचक चिडतो. चिडावंच.

त्यावर एक ठरलेलं उत्तर येतं : तो काळच तसा होता. नाटक रंगभूमीवर आलं १९१९ साली. सिंधूसारख्या बाईला तेव्हा घटस्फोटाचा कायदा नव्हता. देशभरच्या हिंदूंसाठी तो आला १९५५ मध्ये. हे सगळं खरं. पण कुठलाच काळ एका सुरात बोलत नाही. या नाटकाच्या तीसएक वर्षं आधी मुंबईत रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करायची तयारी दाखवली होती. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. नवरा तिचाही दारुडाच, पण ती तोंड मिटून सोसत नाही. गडकऱ्यांच्या कानावर दोन्ही आवाज होते.

म्हणजे जुन्या पात्राला मोजायला माप दरवेळी आजच्या काळातून न्यावं लागत नाही. पुष्कळदा ते त्या कलाकृतीतच ठेवलेलं असतं. त्या मापाने पाहिलं की सिंधू मूर्खही ठरत नाही आणि देवीही. तिचं धैर्य अस्सल आहे. ते ज्या मूल्यापायी खर्ची पडलं, ते मूल्य खोटं आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी म्हणता आली पाहिजेत.

मग आपला रागही थोडा सरकतो. सिंधूने घर का सोडलं नाही, हा प्रश्न राहतोच. पण त्याहून अवघड प्रश्न असा, की गीतेचं बोलणं त्याच नाटकात ऐकूनही बालगंधर्वांनी रंगमंचावर उभ्या केलेल्या सिंधूसाठी रडणाऱ्या प्रेक्षकांना आदर्श म्हणून सिंधूच का हवी होती?