उरलेल्यांचा वर्ग

सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या मातीत, कुजक्या पाल्याखाली देवगांडूळ सापडतं. पाय नाहीत, डोळे असून नसल्यासारखे, अंगभर गांडुळासारख्या वळ्या. बघणारा ‘साप!’ म्हणून ओरडतो आणि काठी शोधायला लागतो. खरं तर हे बेडकाचं भाऊबंद. पण ओरडणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही, कारण १७५८ साली खुद्द कार्ल लिनियसनेही या कुळातल्या प्राण्यांना सापांतच बसवलं होतं.

लिनियसला या सगळ्या जमातीचीच किळस होती. थंड अंग, घाणेरडी कातडी, दुर्गंधी, कर्कश आवाज अशी यथेच्छ निंदा त्याने आपल्या ग्रंथात करून ठेवली आहे. त्याच्या ‘उभयचर’ वर्गात कासव, बेडूक, सरडे, साप तर होतेच, शिवाय शार्क आणि पाकट यांचीही भरती होती. मगर आणि सॅलॅमँडर दोघेही सरड्यांच्या एकाच प्रजातीत. केस नाहीत, पिसं नाहीत आणि धड मासाही नाही, अशा सगळ्यांची ही मोळी. काय आहे यापेक्षा काय नाही यावरून बांधलेली. पुढची अडीचशे वर्षं तिच्यातून कुणाला तरी बाहेर काढण्यात किंवा कुणाला तरी आत ओढण्यात गेली आहेत.

१७६८मध्ये व्हिएन्नाच्या लॉरेंटीने ‘रेप्टिलिया’, म्हणजे सरीसृप, हे नाव रूढ केलं, पण बेडूक आतच राहिले. १८००मध्ये फ्रान्सच्या ब्रोन्यारने कासवं, सरडे, साप आणि बेडूक असे चार गण पाडले. बेडकांचं बिऱ्हाड पुरतं वेगळं व्हायला आणखी दोनेक दशकं लागली.

त्यामागचं सर्वांत भक्कम कारण अंड्यात आहे. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं. ते पाण्यात वाढतं आणि त्यातून बहुधा बेडूकमासा निघतो. कासवीण अंडी घालते ती कोरड्या वाळूत. आत गर्भाभोवती पाण्याने भरलेलं पटल, बाहेर कवच, आणि पिल्लू निघतं ते आईबापांच्याच घडणीचं. घोणस पिल्लंच देते, पण तिच्या पोटातल्या गर्भाभोवतीही ते पटल असतंच. अडचण एवढीच की कोंबडीच्या अंड्यातही ते असतं आणि आपल्या आईच्या पोटातही होतं. म्हणजे या खुणेने बेडूक बाहेर गेला खरा, पण पक्ष्यांना आणि सस्तनांना बाहेर ठेवायला ती कामाची नाही.

शाळेत आपण सरीसृपांची जी लक्षणं पाठ करतो, ती सगळी अशीच निघतात. खवले म्हणावेत तर ते कोंबडीच्या पायांवरही असतात. थंड रक्त बेडकाचं आणि माशांचंही. मग येतं तीन कप्प्यांचं हृदय, आणि त्याला जोडून हळूच दोन शब्द: ‘मगर सोडून’. हे ‘मगर सोडून’ मला नेहमी खटकतं. नियमातून जी सुटते तिच्याकडेच नीट बघायला हवं होतं.

मगरीच्या हृदयाला पक्ष्यांसारखे पुरते चार कप्पे असतात. त्यातून निघणाऱ्या दोन महाधमन्यांना जोडणारं एक लहानसं छिद्र बार्तोलोमेओ पानिझ्झा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १८३३मध्ये दाखवून दिलं. पाण्याखाली दम धरून पडलेल्या मगरीला फुप्फुसांकडे जाणारं काही रक्त दुसरीकडे वळवता येतं. मादी घरट्याची राखण करते, अंड्यांतून पिल्लांचा आवाज आला की माती उकरते आणि पिल्लं तोंडात धरून पाण्यात सोडते. यातलं बरंचसं सरड्यापेक्षा पक्ष्याची आठवण करून देणारं आहे. थॉमस हक्स्ली या जीवशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकातच पक्षी आणि सरीसृप एका मोठ्या गटात घातले होते. पाठ्यपुस्तकांतले दोन वर्ग मात्र दोनच राहिले.

साम्य किती फसवं असतं, हे बघायला न्यूझीलंडचा तुआतारा पुरेसा आहे. दिसायला थेट सरडा. १८३१मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन ग्रे याने कवटी पाहून त्याला सरड्यांतच टाकलं. १८६७मध्ये त्याच संग्रहालयातल्या गुंथरने त्याची नीट चिरफाड केली. डोळ्यामागे हाडांच्या दोन कमानी. वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा आणि त्यांच्या बरोबर मध्ये बसणारी खालची एक रांग. हा सरडा नव्हेच, म्हणून त्याने स्वतंत्र गण केला. पण मग त्या गणात चोचीसारख्या तोंडाचे जीवाश्म येऊन पडू लागले. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या तांबड्या खडकांत सापडणारा हायपरोडापेडॉन त्यांतलाच. हक्स्लीने त्याचं नातं तुआताराशी जोडलं आणि ते शंभरएक वर्षं टिकलं. चोच वरवरची निघाली. आता त्याला मगर-पक्ष्यांच्या घराण्याजवळ धरतात.

कवटीतल्या भोकांचंही तेच झालं. १९०३मध्ये ऑस्बर्न या जीवाश्मतज्ज्ञाने डोळ्यामागच्या भोकांवरून घराणी लावायला सुरुवात केली. कासवाच्या कवटीत भोकं नाहीत, म्हणून ते सर्वांत जुनाट ठरलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डीएनए वाचणाऱ्यांनी त्याला मगरी-पक्ष्यांशेजारी नेऊन ठेवलं, आणि २०१५मध्ये जर्मनीतल्या एका आदिम कासवाच्या कवटीत ती भोकं दिसलीही. म्हणजे ती होती, मागाहून बुजली.

एव्हाना मूळ प्रश्नच बदलला होता. विली हेनिग हा जर्मन कीटकतज्ज्ञ. गट करायचा तर एक पूर्वज आणि त्याचे झाडून सगळे वंशज घ्या, मधूनच कुणाला वगळू नका, असा आग्रह त्याने १९५०मध्ये धरला. मगरीचा आजचा सर्वांत जवळचा नातलग पक्षी आहे. दोघांच्या वाटा सुमारे चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी फुटल्या आणि सरड्यांची वाट त्याच्याही आधी. तेव्हा पक्ष्यांना वगळून ‘सरीसृप’ उरतच नाहीत. माझं म्हणणं, सर्पमित्राने, वनखात्याने जुना शब्द खुशाल वापरावा. त्यांचं काही अडत नाही. पुस्तकाने मात्र लक्षणांची यादी देताना ही नात्याची यादी नव्हे, एवढं तरी सांगावं.

हेनिगचा नियम लावला की सरड्यांचंही घर फुटतं. जगातल्या बारा हजारांहून अधिक सरीसृप जातींपैकी बहुतेक सगळे सरडे, पाली नाहीतर साप. आणि साप निघाले सरड्यांच्याच एका फांदीतून. नेमक्या कुठल्या, यावर हाडं तपासणारे आणि डीएनए वाचणारे यांचं अजून पुरतं जुळत नाही. हाडांच्या हिशेबात कुंपणावरच्या सरड्यांची शाखा आधी फुटली. डीएनएच्या हिशेबात पाल आधी वेगळी झाली आणि सरडा, घोरपड, साप एका फांदीवर राहिले. हा दुसरा हिशेब खरा असेल, तर कुंपणावरच्या सरड्याला भिंतीवरच्या पालीपेक्षा नाग जवळचा आहे.