आडनाव आधीच जुळलेले



'होणार सून मी ह्या घरची' ही झी मराठीवरील मालिका आपणास आठवत असेल. जुलै २०१३ ते जानेवारी २०१६ अशी अडीच वर्षे ती चालली, आणि आपल्या वस्त्यांतही ती आवडीने पाहिली गेली. माझ्या घरी तर जेवणाची ताटे टीव्हीपुढेच येत. गोखले गृहउद्योगाचा वारस श्री आणि बँकेत नोकरी करून घर ओढणारी जान्हवी यांचे हे प्रेम. जान्हवीची सावत्र आई पैशाच्या लोभाने तिला अनिल आपटे नावाच्या धनवंताच्या गळ्यात बांधू पाहते. प्रेम खरे असेल तर पैशाची भिंत टिकत नाही, हे या कथेचे सांगणे. ते वाईट आहे असे कोण म्हणेल?

परंतु ती नावे पुन्हा एकदा वाचा. मुलगा गोखले, मुलगी सहस्रबुद्धे आणि आडवा येणारा तोही आपटे! ज्या परीक्षेत या देशात माणसाचा जीव जातो ती परीक्षा आडनावे ठेवतानाच टळली. उरला तो पैशाचा प्रश्न, आणि तो सासरच्या मायेने सुटू शकतो.

ही मालिका चालू असतानाच, २८ एप्रिल २०१४ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा गावी १७ वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या म्हणविणाऱ्या जातीतील मुलीशी तो बोलतो, या संशयावरून त्याला मारले, असा आरोप होता. पुढे साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्या मुलाच्या बापाजवळ गृहउद्योग असता तर तो वाचला असता काय? बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले की सहभोजनाने जात मोडत नाही, त्यासाठी रक्ताची नाती जुळावी लागतात. मालिकेतील प्रेम नेमके तेवढे सोडून बाकी सर्व करते.

पण गोखल्यांच्या दिवाणखान्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. मागे एका वधू-वर परिचय मेळाव्यास मी गेलो होतो. त्रिसरण-पंचशील झाले, मग एकेक उमेदवार उभा राहू लागला. त्यांत एका सफाई कामगाराचा मुलगा होता, एम.ए., विनाअनुदानित शाळेत शिक्षक. माझ्या पुढच्या रांगेतील अधिकारी गृहस्थांनी शेजाऱ्याला हळूच विचारले, "पर्मनंट आहे का?" नाही म्हणताच त्यांनी यादीतील त्या नावावर काट मारली. आता, बापाची काळजी खोटी म्हणता येत नाही. अशा शाळेतला पगार कधी होईल याचा भरवसा नसतो, आणि उपाशी संसाराची गोडी मालिकेतच दिसते. तरीही मला राहून राहून वाटते, की हाच मुलगा एखाद्या साहेबाचा असता तर "आज ना उद्या लागेल कायम" असे म्हणून ती काट थांबली असती. म्हणजे काट पगारावर पडली की बापाच्या झाडूवर?

अर्जात आणखी एक रकाना होता, 'पूर्वाश्रमीची पोटजात'. चाळून पाहिले तर बहुतेकांनी तो भरलेला होता.

त्या गृहस्थांची मुलगी त्यांच्या शेजारीच बसली होती. काट मारताना त्यांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.