ओ आणि ग्वाही

२०१६ सालीं यूपीआय सुरू झालें, आणि पुढें बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांवसारख्या बाजारांत भाजीचे पैसेही मोबाइलवरून चुकते होऊं लागले. बोट टेकतांच पडद्यानें उत्तर द्यावें, ही अपेक्षा रास्तच आहे. सुमारें एकदशांश सेकंदांत कळेचा रंग पालटला, तर कृति तत्काळ घडली असें मनास वाटतें. एक सेकंद लोटला कीं विलंब जाणवतो, आणि दहा सेकंदांनीं लक्षच उडतें. म्हणून कुशल रचनाकार काम अपुरें असतांनाही उत्तर आधींच दाखवितात. हें असत्य नव्हे काय?

आमच्या मतें हांकेला ओ देणें निराळें, आणि काम झाल्याची ग्वाही देणें निराळें. मित्राच्या छायाचित्राखालीं पसंतीची खूण दूरच्या यंत्राच्या होकाराआधीं उमटली, तरी कोणाचें कांहीं बुडत नाहीं. चुकल्यास ती पुसतां येते. परंतु बँकेच्या होकारापूर्वीं ‘पैसे पोहोंचले’ असें दाखविणें ही खोटी साक्ष होय. त्या दोन शब्दांवर विसंबून भाजीवाला माल देऊन मोकळा होतो. रेंज क्षीण असेल तेव्हां ‘पैसे वाटेंत आहेत’ एवढेंच, पण तत्काळ सांगावें. त्वरा ओ देण्यांत असावी. ग्वाहीनें सत्याची वाट पाहावी.