मध बाजूला ठेवणारं अस्वल

सांगली,
रविवार, रात्री

चि. मुग्धा,

तुझं पत्र परवा मिळालं. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तू सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना सिनेमा दाखवतेस, हे मी इथे शेजारणींना कौतुकाने सांगत असते. या वेळी तू २०११ सालचा ‘विनी द पू’ लावलास, नंतर पालकांची मतं लिहून घेतलीस आणि तो कागदही मला पाठवलास, ते फार बरं केलंस. पण पत्राच्या शेवटी, ‘आत्या, पुढच्या वेळेपासून काहीतरी धमाकेदारच लावते, असले सिनेमे बंद,’ असं लिहिलं आहेस. ते वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. म्हणून मागची आवराआवर झाल्यावर लिहायला बसले आहे.

कागद मी तीनदा वाचला. ‘संपला पण? तासाभराचाच?’ ‘काही घडतच नाही.’ ‘अगदी लहानांसाठी ठीक.’ ‘व्हिलनच नाही.’ ‘चित्रं जुनाट वाटतात.’ ‘माझा मुलगा मधेच उठून मागे पळत होता.’ ‘डोळे पाणावले, असे सिनेमे आता होत नाहीत.’ आणि एका गृहस्थांनी म्हटलंय की हा सिनेमा तिकडे पडलाच होता, म्हणजे लोकांनाच तो नको होता. या सगळ्यांना तू एकाच तराजूत टाकलंस आणि पारडं कुठे झुकतं ते पाहून मोकळी झालीस. तसं करू नकोस गं. एकेक मत हातात घेऊन बघ, ते कुठून आलं आहे.

पडला म्हणणाऱ्या गृहस्थांपासून सुरुवात करते, कारण त्यांचं मत सगळ्यात ठाम आहे आणि त्याचा सिनेमाशी सगळ्यात कमी संबंध आहे. अमेरिकेत हा सिनेमा १५ जुलै २०११ ला लागला. त्याच दिवशी हॅरी पॉटरचा शेवटचा भागही लागला. दहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो शेवट एका दाराशी आणि त्रेसष्ट मिनिटांचा पू दुसऱ्या दाराशी! हॅरी पॉटरने पहिल्या तीन दिवसांत सुमारे सोळा कोटी नव्वद लाख डॉलर मिळवले, पूने जेमतेम अठ्ठ्याहत्तर लाख. बनवायला तीन कोटी डॉलर लागले होते आणि जगभरातून पाच कोटींच्या आसपास आले. थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च वजा केला की त्यात काही उरत नाही, हे मलाही समजतं. पण हे आकडे तारीख कोणी आणि कशी ठरवली त्याबद्दल बोलतात. जे प्रेक्षक त्या दाराने आत गेलेच नाहीत, त्यांचं मत म्हणून ते आपल्यापुढे कसे ठेवता येतील? तुझ्या हॉलमध्ये तर शेजारी हॅरी पॉटर लागलेला नव्हता. तुझ्यापुढे बावीस मुलं होती. तू त्यांचं बोल.

आता ‘काही घडतच नाही’. हे मत मनापासूनचं आहे, म्हणून त्याच्याशी जरा थांबून बोलायला हवं.

पू सकाळी उठतो, पोट गुरगुरतंय, घरातला मध संपलेला. बाहेर पडतो तर ईयोर गाढवाची शेपूट हरवलेली. मग सगळे मिळून नवी शेपूट शोधतात, जो आणेल त्याला मधाचा बुधला बक्षीस. घड्याळ लावून बघतात, फुगा लावतात, कांगा कांगारूचा लोकरी मफलर लावतात. मधेच त्यांच्या छोट्या मित्राची, क्रिस्टोफर रॉबिनची, चिठ्ठी सापडते. तो ‘लवकर परत येतो’ असं लिहून गेलेला असतो, पण स्पेलिंगच्या चुका आणि आऊल घुबडाचा दांडगा आत्मविश्वास यांतून त्या दोन शब्दांचा ‘बॅकसन’ नावाचा राक्षस होतो. त्याला पकडायला खड्डा खणतात आणि त्यात स्वतःच पडतात. छोटा डुक्कर पिगलेट दोर आणतो. खड्ड्यात सहाजण, म्हणून प्रत्येकाला एक मिळावा असे त्याचे सहा तुकडे करतो! एवढं सगळं घडतं. तरी मोठ्यांना वाटतं काही घडलं नाही, कारण यात कोणाचाही जीव धोक्यात नाही आणि जग वाचवायचं नाही.

आणि खरी घटना तर पुढेच आहे. सिनेमाभर भुकेने कासावीस झालेला पू आऊलच्या घरी पोचतो. दाराशी घंटेची जी दोरी लटकते आहे ती ईयोरची शेपूट आहे, हे त्याच्या लक्षात येतं. आऊल आत मध देतो म्हणतो. मध! सकाळपासून ज्याच्यासाठी जीव निघाला तो मध. पू घुटमळतो आणि शेपूट घेऊन परत फिरतो, कारण ईयोर वाट बघत असेल. कथा म्हणून हे ए. ए. मिल्न यांच्या १९२६ च्या पुस्तकातल्या एका छोट्या प्रकरणातून आलं आहे. पण सिनेमा करणाऱ्यांनी आधीचा सगळा वेळ त्या अस्वलाची भूक आपल्या पोटात कालवली, म्हणून तो मध मागे ठेवणं आपल्याला एवढं लागतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला भूक म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. डब्यातला लाडू दुसऱ्याला देताना काय होतं तेही. त्याच्या दृष्टीने यापेक्षा मोठं काही घडूच शकत नाही.

आपल्याकडे काऊचिऊची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. भिजलेला कावळा दाराशी उभा आणि आत चिमणी बाळाचं एकेक काम उरकते आहे. त्यात तरी दुसरं काय घडतं? कावळा थांबतो. मी पस्तीस वर्षं बालवाडीत ती गोष्ट सांगितली. शेवट माहीत असलेली मुलंसुद्धा दर वेळी श्वास धरून बसत आणि मी घाई केली, एखादं काम गाळलं, तर लगेच ओरडत. त्या मुलांना ‘काही घडत नाही’ असं एकदाही वाटलं नाही.

तेव्हा ज्या आईने ते मत दिलं तिच्याशी वाद घालू नकोस. पुढच्या वेळी भेटली की एवढंच विचार, आऊलच्या दाराशी पू काय करतो ते आठवतंय का? आठवत नसेल तर तिला दोष नाही. बहुतेक तेव्हा ती फोनवर असेल किंवा सामोसे मोजत असेल. मोठ्यांना हळू सिनेमात हातातलं काम करायची मुभा मिळाल्यासारखं वाटतं आणि नेमकं तेव्हाच निसटतं.

‘जुनाट’ म्हणणाऱ्यांना मात्र मी थोडी माहिती नक्की दिली असती. तो सिनेमा हाताने काढलेला आहे. पूचं काम मार्क हेन यांनी सांभाळलं, टिगर वाघाचं आंद्रेआस देजा यांनी, रॅबिट सशाचं एरिक गोल्डबर्ग यांनी. हे त्या कलेतले मुरलेले लोक. कथाविभागाची धुरा बर्नी मॅटिन्सन यांच्याकडे होती. ते १९५३ साली डिस्नेमध्ये लागले आणि १९७४ च्या टिगरवरच्या लघुपटातही त्यांनी काम केलं होतं. म्हणजे ती चित्रं जुन्याची नक्कल करून काढलेली नाहीत, जुनं काम ज्या हातांनी केलं त्यातलाच एक हात इथेही होता. आणि त्यानंतर डिस्नेच्या त्या मुख्य स्टुडिओने थिएटरसाठी असा पूर्णपणे हाताने काढलेला दुसरा पूर्ण लांबीचा सिनेमा केलेला नाही.

शिवाय गंमत अशी की त्यात एक युक्ती आहे ती ‘जुनाट’ म्हणणाऱ्यांनी पाहिलीच नसावी. पात्रं पुस्तकाच्या पानावर वावरतात. निवेदकाच्या वाक्यांतली अक्षरं खाली पडतात आणि शेवटी त्याच अक्षरांची शिडी करून सगळे खड्ड्यातून वर येतात. नुकतं अक्षरं जुळवायला शिकलेल्या मुलासाठी यात केवढं धन आहे! अक्षरांवर पाय ठेवून बाहेर येता येतं, हे मी बालवाडीत कधी इतक्या सुंदर रीतीने दाखवू शकले नाही.

डोळे पाणावलेल्या बाबांचं मत तुला सगळ्यात गोड वाटलं असणार. तू त्याखाली रेघही मारली आहेस. त्यांचे डोळे खरे आहेत, पण ते मत तुझ्या कामाचं किती, याचा विचार कर. ते स्वतःच्या लहानपणासाठी पाणावले असतील. त्यांनी पू लहानपणी टीव्हीवर किंवा कॅसेटवर पाहिला असेल, तेव्हा आई शेजारी असेल. हॉलमधल्या मुलांना ते लहानपण नाही, त्यांच्यापुढे आजचा रविवार आहे. जुनं ते सोनं म्हणून तू सिनेमे निवडायला लागलीस तर दोन वर्षांत हॉल पालकांनी भरलेला असेल आणि मुलं खाली सायकल चालवत असतील. जुन्या वळणाचे आणि कंटाळवाणे असे कितीतरी सिनेमे आहेत. हळू आहे एवढ्यानेच कोणताही सिनेमा चांगला होत नाही. हा चांगला आहे, कारण त्यातली माणसं, म्हणजे खेळणी, एकमेकांशी कशी वागतात हे नीट पाहून काढलं आहे. ईयोर सदा उदास असतो, पण त्याला कोणी सुधारायला जात नाही. टिगर ईयोरला आपल्यासारखं उड्या मारायला शिकवू बघतो, ते जमत नाही. तरी पुढच्या क्षणी ईयोर त्यांच्यातलाच असतो. तुझ्या इमारतीत असा एखादा गप्प मुलगा असेल. त्याने ते पाहिलं असेल.

आणि उणिवा आहेत तिथे त्या मान्य कर, उगाच कैवार घेऊ नकोस. बॅकसनचं गाणं मला जरा गजबजलेलं वाटतं, बाकी सिनेमाच्या चालीशी ते फटकून आहे. खड्ड्यापाशी गाठ या अर्थाच्या ‘नॉट’वरून जो शब्दखेळ चालतो तो इंग्रजीतच रुजलेला आहे. तुझ्या हॉलमधली मराठी शाळेतली मुलं तिथे गप्प बसली असणार आणि बाजूची इंग्रजी शाळेतली हसली असणार. ते अंतर मुलांना फार चटकन जाणवतं. अशा ठिकाणी सिनेमा लावण्याआधी दोन मिनिटं घे. एक दोरी हातात धरून ‘नॉट’चे दोन अर्थ सांग, गाठ मारून दाखव. चिठ्ठी फळ्यावर लिहून दाखव म्हणजे राक्षस कसा तयार झाला ते सगळ्यांना एकदम कळेल. हे न करता सिनेमाला किंवा मुलांना दोष देणं बरोबर नाही.

मधेच उठून पळालेल्या मुलाचं म्हणशील, तर त्याची आई जेवढी शरमली तेवढं शरमण्यासारखं काही नव्हतं. बालवाडीत माझ्याकडे एक मुलगा होता, गोष्ट सुरू झाली की भिंतीकडे तोंड करून खडे मांडत बसायचा. मी बरेच दिवस त्याला पुढे ओढून बसवत होते. एकदा त्याची आजी म्हणाली, घरी येऊन सगळी गोष्ट जशीच्या तशी सांगतो, तुमच्या आवाजात. त्यानंतर मी त्याला हात लावला नाही. हॉलच्या मागच्या बाजूला एक सतरंजी टाक आणि तिथे हुंदडायला मोकळीक ठेव. एखादं मूल खरंच कंटाळलं असेल तर तेही चालेल. त्याला दुसरा सिनेमा आवडेल.

मत विचारायची पद्धत मात्र बदल. सिनेमा संपल्या संपल्या कागद फिरवू नकोस. तेव्हा सगळ्यांना घरी जायचं असतं, चप्पल शोधायची असते, आणि माणूस सुचेल ते लिहून सुटतो. ‘आवडला का’ असं मुलांना विचारशील तर ती तुझ्या चेहऱ्याकडे बघून हो म्हणतील. आठवडाभर थांब. जिन्यात, लिफ्टमध्ये ती काय खेळतात ते बघ. कोणी दोरीचे तुकडे करतंय का, कोणी कोणाला बॅकसन म्हणतंय का. पालकांनाही आठ दिवसांनी विचार, घरी त्याचं नाव निघालं का?

पुढच्या महिन्यात तुला काही धमाकेदार लावायचं असेल तर खुशाल लाव. मुलांना त्याचाही हक्क आहे, तीही एक चांगली गंमत असते. माझं म्हणणं एवढंच की या कागदाच्या भीतीने हे दार बंद करू नकोस. वर्षातून चार सिनेमे तरी असे असू देत, ज्यांत कोणी कोणाला हरवत नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. तुझ्या पत्रात मतांच्या यादीत जे नाही ते शेवटून दुसऱ्या परिच्छेदात तू सहज लिहून गेली आहेस. तिसऱ्या मजल्यावरच्या पाच वर्षांच्या मुलाने तुला विचारलं, शेपूट परत लावताना खिळा ठोकला तेव्हा ईयोरला दुखलं नाही का? मी ते वाक्य वाचून पत्र मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. आपण मोठ्यांनी शेपूट मिळाली, काम झालं, म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. तो अजून गाढवापाशीच उभा होता. सबंध कागदावर सिनेमा इतक्या जवळून पाहिलेला दुसरा माणूस मला दिसत नाही.

तू त्याला काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. ते आधी कळव. दिलं नसशील तर घाई करू नकोस, दिवाळीत मी येते आहे, दोघी मिळून त्याच्याकडे जाऊ.

दादाला आणि वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या