पोहण्याच्या हौदाचे पाणी कोणाचे?



या महिन्यात एका घरगुती प्रश्नावर लिहावयाचे आहे. बेळगावच्या एका उपनगरात आमच्या एका भक्तांनी नवे घर बांधले आणि मागील अंगणात पोहण्याचा हौद केला. पत्नीच्या गुडघ्यांचे दुखणे जुने आहे. पाण्यात चालण्याचा व्यायाम करावा असे डॉक्टरांचे सांगणे. हौद बांधून झाला, आतून फरशी बसली, आणि मग त्यांनी आम्हांस विचारले, "अप्पाजी, हा हौद कोठल्या पाण्याने भरू? नळ आहे, बोअर आहे, टँकर फोन केला की दारात उभा राहतो. योग्य काय ते सांगा. पैशाचा प्रश्न नाही."

पैशाचा प्रश्न नाही हे त्यांनी सहज म्हटले. परंतु मग प्रश्न कशाचा आहे? त्यांना स्वतःला काहीतरी खटकले असल्याखेरीज ते मठापर्यंत आले नसते. हौद कसा भरावा हे तर कंत्राटदारानेही सांगितले असते.

आधी हिशेब मांडू. हौद ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली १.४ मीटर. म्हणजे जवळजवळ ४५ हजार लिटर पाणी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेत खेड्यातील माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे असे मान धरले आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला त्या मानाने हे पाणी साडेपाच महिने पुरेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी धावली, ती आपल्या भागातील पुष्कळांना आठवत असेल. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. त्या सगळ्या गाडीत असले अकरा हौद भरले असते, बारावा नाही.

आता तिन्ही मार्ग पाहू. नळाचे पाणी राकसकोपहून येते, हिडकलहून येते. ते उपसून, तुरटी-क्लोरीन घालून, चढावर ढकलून शहरात आणावे लागते, आणि तो खर्च सर्वांचा असतो. अर्ध्या इंची नळाने मिनिटाला १५ लिटर पाणी आले तर हौद भरावयास पन्नास तास लागतील. जेथे पाणी काही तासच येते तेथे हे जमत नाही म्हणून लोक नळाला थेट मोटर लावतात आणि गल्लीच्या टोकाच्या घराची धार बारीक होते. याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही, ती उघड चोरी आहे. बेंगळूरच्या जलमंडळाने तर २०२४ च्या मार्चमध्ये टंचाई पाहून पोहण्याच्या तलावांत पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी केली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला.

टँकरचे तसे नाही असे वाटते. विकणारा खुशीने विकतो, घेणारा खुशीने घेतो. पण टँकरमध्ये पाणी जन्मत नाही. ते जवळच्या एखाद्या गावाच्या विहिरीतून किंवा बोअरमधून येते. विहिरीच्या मालकाला पैसे मिळतात. त्याच विहिरीच्या आधाराने ज्यांच्या विहिरींना पाणी राहते त्या शेजाऱ्यांना कोणी विचारत नाही. एप्रिल महिन्यात एक टँकर तुमच्या दारात उभा असतो तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्या तरी दारात नसतो.

राहिली बोअर. "ती तरी माझ्याच जमिनीत आहे ना?" असे आपल्यापैकी बहुतेकजण म्हणतील, आणि कायदाही पुष्कळ अंशी त्यांच्या बाजूने उभा राहील. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यात, आपल्या हद्दीतील जमिनीखालचे, ठरीव प्रवाहाने न वाहणारे पाणी गोळा करण्याचा हक्क मालकाचा आहे असे उदाहरणच दिलेले आहे. केरळात प्लाचिमडा येथे शीतपेयाच्या कारखान्याचा वाद झाला. तेव्हा २००३ साली तेथील उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी भूजल ही सर्वांची ठेव आहे असे म्हटले, आणि २००५ साली दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मान्य केले नाही. कर्नाटकाने २०११ साली भूजलाचा वेगळा कायदा केला, महाराष्ट्राने २००९ साली. तरी घरामागची बोअर चालू करताना कोणी हात धरत नाही.

पण खडकाला सात-बाराचा उतारा वाचता येत नाही. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि मुरमाच्या थरांत पाणी साठते. ती भेग कुंपणापाशी थांबत नाही. पाचशे फुटांची बोअर दिवसभर चालली की शेजारच्या चाळीस फुटी आडाचा तळ दिसू लागतो. हे घडताना दोघांत भांडणसुद्धा होत नाही, कारण कोणाचे पाणी कोठे गेले हे दिसतच नाही. आम्हांला यातील जोखीम हीच वाटते. दिसणारी चोरी माणसाला लाजवते तरी.

येथे कायक आणि प्रसाद हे आपल्या नित्याच्या बोलण्यातील दोन शब्द उपयोगी पडतात. टँकरवाल्याला आपण पैसे देतो ते त्याच्या कायकाचे: गाडी, डिझेल, चालकाचे श्रम. बोअरवाल्याला देतो ते भोक पाडण्याचे. हे मोल रास्त आहे आणि ते द्यावे. परंतु पाणी हे यांपैकी कोणाचेच कायक नाही. ते कोणी घडविले नाही, त्यामुळे त्याचे मोल चुकते करण्याची सोयच नाही. जे मोलाने आपले होत नाही ते प्रसाद म्हणून घ्यावयाचे असते, आणि प्रसाद घेण्याची रीत आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. पानात लागेल तेवढेच घ्यावे, टाकू नये, आणि मागच्या पंगतीची आठवण ठेवावी. "पैशाचा प्रश्न नाही" याचा आम्ही लावलेला अर्थ असा की पैशाने हा प्रश्न सुटणाराच नाही.

यावर एक रोखठोक आक्षेप आहे आणि तो टाळणे बरे नव्हे. एक एकर उसाच्या पिकाला दोन मीटर उंचीइतके पाणी लागते असे धरले तर ते ऐंशी लाख लिटर होते. म्हणजे एका एकरात असे पावणेदोनशे हौद भरतील. मग एका आजारी बाईच्या हौदावर प्रवचन का? चिक्कोडी-अथणी भागातील आपले कितीतरी भक्त ऊसच लावतात, आणि मठाच्या दासोहातील गूळही तेथूनच येतो. आक्षेप खरा आहे. पाटाने पाणी सोडण्याऐवजी ठिबक करा हे आम्ही त्यांनाही सांगतो, आणि ऐकणारे थोडे असतात हेही खरे. तथापि दुसऱ्याचे पान मोठे आहे म्हणून आपल्या पानातले टाकण्यास मुभा मिळते, हे तर्कशास्त्र आम्हांस पटलेले नाही. शिवाय हौद हा चैनीचाच असतो असेही आम्ही मानत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाण्यात उभे राहिल्यावर मिळणारा आराम खरा असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. लोक भरण्याचा विचार करतात, उडून जाण्याचा करीत नाहीत. नीट गाळलेले, क्लोरीन राखलेले पाणी वर्षानुवर्षे बदलावे लागत नाही. पण आपल्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला ६-७ मिलिमीटर सहज उतरते. या हौदाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर, म्हणजे रोज सव्वादोनशे लिटरपर्यंत पाणी हवेत जाते. खेड्यातील चार माणसांचे पाणी तो हौद एकही माणूस आत न उतरता दररोज पिऊन टाकतो. पोहणे झाल्यावर वर आच्छादन ओढले तर यातील बहुतेक वाचते. म्हणून आधी आच्छादन, मग पाणी, असे आम्ही त्यांना सांगितले.

आणि पाणी कोठले, तर आभाळातले. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर होतात. सांडलवंड सोडून ऐंशी हाती येतात. हौदात थेट पडणारे बत्तीस वेगळे. या मानाने ४०० मिलिमीटर पावसात हौद भरतो, आणि बेळगावला मृगापासून आषाढ सरेपर्यंत एवढा पाऊस बहुतेक वर्षी होतो. अथणीकडे हे इतके सोपे नाही. तेथे अख्खा पावसाळा लागेल. पहिल्या सरींचे पाणी गच्ची धुऊन जाऊ द्यावे, पुढचे गाळून घ्यावे, आणि हौद भरल्यावरचे शोषखड्ड्यात सोडावे म्हणजे जमिनीचा वाटा जमिनीला पोहोचतो. सिमेंटच्या गिलाव्याचा हौद एका दमात भरावा लागतो, मध्ये थांबले तर रेघ उमटते. यांचा फरशीचा असल्याने तीही घाई नाही. उलट पावसाळ्यात रिकामा हौद ठेवणेच वाईट, कारण खालच्या पाण्याच्या दाबाने तो उचलला जाण्याची भीती असते. ते म्हणाले, "म्हणजे अजून तीन महिने थांबायचे?" होय. तोपर्यंत बाईंनी शहरातील सार्वजनिक जलतरण तलावात जावे.

सोन्नलिगेच्या, म्हणजे आजच्या सोलापूरच्या, सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळे खोदविले. शून्यसंपादनेत कथा येते की ते काम जोरात चालू असता अल्लमप्रभू तेथे आले आणि "तो वड्डर सिद्धराम कोठे आहे?" अशी त्यांनी चौकशी केली. तळे तर सर्वांसाठी होते. तरीही हे मी करतो आहे ही भावना त्यात किती, हे प्रभुदेवांना पाहावयाचे होते. सार्वजनिक तळे बांधणाऱ्याचीही जेथे सुटका झाली नाही, तेथे घरामागच्या हौदाच्या मालकाने आपल्याला कोणी का विचारावे असे म्हणू नये.

दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या भागात विहिरीत, खाणीच्या डबक्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. त्यांतील बहुतेकांना पोहता येत नसते. आषाढात भरलेला, झाकून राखलेला हौद मे महिन्यात भरलेलाच असेल. बाईंचा व्यायाम सकाळी तासाभराचा. गल्लीतील मुलांना, त्यात घरकाम करणाऱ्या बाईची आणि गुरख्याचीही आली, संध्याकाळी तेथे पोहावयास शिकवता येईल का, असे आम्ही विचारले आहे. काठावर पोहणारा मोठा माणूस हवा, दोर हवा, आणि इतर वेळी कुंपणाला कुलूप हवे. ते विचार करून सांगतो म्हणाले आहेत.